अकरा फुटांच्या बागेची निरवानिरव

मी, लालासाहेब नाथाजी इंगवले, वय वर्षे त्र्याहत्तर, निवृत्त सुभेदार, धंदा शेती, राहणार मौजे खडकाळवाडी, तालुका माण, जिल्हा सातारा, माझ्या मागे काय कुणाला जावे हे आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. याबाबत घरात दुमत असल्यामुळे दहिवडीच्या डॉ. शरच्चंद्र भागवत यांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यात त्यांनी ‘बुद्धी शाबूत, स्वभाव तापट’ असे लिहिले आहे. दुसऱ्या भागाची काही गरज नव्हती, पण डॉक्टर खोडायला तयार झाले नाहीत.

यापूर्वी मी लेखी मृत्युपत्र केलेले नाही. तोंडी मात्र जेवणाच्या ताटावरून उठताना पुष्कळदा केले आहे. ती सर्व आज रद्द केली आहेत.

नमुना क्रांती वकीलबाईंनी दिला. तो तीन पानांचा होता आणि त्यात कुठेही कारण लिहायला जागा नव्हती. मी कलमे त्यांची ठेवली आहेत, कारणे माझी आहेत.

कलम १. सोपे आधी

राहते घर माझी पत्नी अंबूबाई हिचे. तिच्या पश्चात मुलगा वीरधवल याचे. बँकेत जे असेल तेही अंबूबाईचे, आणि ते तिने कशावर खर्च केले हे वीरधवलने विचारू नये. माळावरची जिराईत जमीन वीरधवलची. तो पुण्यात असतो, त्याला ती कुठे आहे हे माझा पुतण्या, आकारामचा साईराज, दाखवील.

कलम २. किरकोळ वस्तू

पदके व लष्करी ट्रंक वीरधवलला. ट्रंकेचे कुलूप बिघडलेले आहे, डावीकडून बुक्की मारली की उघडते. रक्तदाब मोजण्याचे यंत्रही त्यालाच, त्याचा बायकोशी बोलण्याचा सूर ऐकता त्याला ते लवकरच लागेल. सूनबाई रेश्मा हिला माझी घड्याळे. या घरात वेळेवर उठणारी माझ्यानंतर तीच एक आहे.

शेजारी बाळासो यास माझी दुर्बीण. गेली चार वर्षे तो आमच्या भिंतीवरून वाकून बागेकडे पाहतो आणि रोज विचारतो, “सुभेदार, पेरलंय तरी काय?” आता त्याने घरी बसून बघावे. त्याची कंबर दुखते.

कलम ३. पट्टी

हे मृत्युपत्र खरे तर या कलमासाठी आहे. माझे घर आणि माझा धाकटा भाऊ आकाराम याचे घर, या दोहोंच्या मध्ये जी मोकळी पट्टी आहे, तिचे वर्णन असे: लांबी बेचाळीस फूट, रुंदी अकरा फूट. पूर्वेस माझ्या स्वयंपाकघराची भिंत व खिडकी, पश्चिमेस आकारामची भिंत, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस आकारामच्या शेळ्या व त्यांचा वास. मालकी दोघा भावांची, निम्मी निम्मी, सामायिक.

वडिलांनी वाटणी करून दिली त्या कागदावर या पट्टीची रुंदी दहा फूट आहे. जागेवर मात्र ती अकरा भरते. हा जास्तीचा एक फूट कुठून आला, या प्रश्नावर आम्ही दोघे भाऊ तेरा वर्षे एकमेकांशी बोललेलो नाही.

दोन हजार बाराच्या उन्हाळ्यात मी टेप लावला. माझे म्हणणे असे की, माझ्या बाजूचा जुना ओटा पडला, तो फूट माझा. आकाराम म्हणाला, “त्यो फूट माझा हाय.”

मी म्हणालो, “मग सांग की, आला कुठनं?”

त्यावर तो म्हणाला, “तुमी फकस्त सुट्टीला आला दादा. तुमास्नी काय ठावं हितलं?”

अठ्ठावीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाला हे बोलणे लागते. मलाही लागले. मी त्याला जे उत्तर दिले ते इथे लिहिण्यासारखे नाही. मी ते मागे घेतो, हेही इथेच लिहून ठेवतो. दुसऱ्या महिन्यात दावा दाखल झाला. तिसऱ्या महिन्यात कोर्टाचा हुकूम आला की निकाल लागेपर्यंत पट्टी ‘जैसे थे’ राहील: बांधकाम नाही, खोदकाम नाही, झाड लावणे नाही.

कलम ४. बाग कशी झाली

चार वर्षांपूर्वी माझा रक्तदाब इतका वाढला की डॉ. भागवतांनी यंत्र बदलून पुन्हा मोजला. मग विचारले, “सुभेदार, दिवसातून सगळ्यात जास्त राग कधी येतो?” मी सांगितले, स्वयंपाकघराच्या खिडकीतून पट्टी दिसते तेव्हा. ते म्हणाले, “घरात एक शांत कोपरा करा. रोज अर्धा तास तिथे गप्प बसा.” घरात शांत कोपरा नव्हता. शांत अशी एकच जागा होती, जिथे नऊ वर्षे कोर्टाच्या हुकमाने कोणी काही करू शकत नव्हते.

माझी नात ओवी पुण्यात इमारतींचे नकाशे काढायला शिकते. तिने मोबाईलवर जपानी बागा दाखवल्या. त्यातली एक कोरडी होती. पांढरी कच, म्हणजे बारीक खडी, पसरायची, मध्ये दोन-चार दगड ठेवायचे, दाताळाने रेघा ओढायच्या आणि त्या रेघांना पाणी समजायचे. नसलेले पाणी आहे असे समजणे, हे काम माण तालुक्यात जन्मलेल्या माणसाला शिकवावे लागत नाही. मी क्रांती वकीलबाईंना फोन केला. त्यांनी हुकूम दोनदा वाचला आणि म्हणाल्या, “बांधकाम नाही, खोदकाम नाही, झाड नाही. मला तर कुठे अडचण दिसत नाही.” जगातल्या सगळ्या बागांत आमच्या दाव्यात बसणारी ही एकच बाग होती.

आटपाडीकडच्या क्रशरवरून कच आणली. तिसऱ्या दिवशी तलाठी आले, कोणीतरी वाळूचा साठा केल्याची वर्दी दिली होती.

“बाग हाय साहेब,” मी म्हणालो.

“झाडं?”

“न्हाईत.”

“पाणी?”

“ह्या रेघा हायत त्या.”

त्यांनी चहा घेतला, ओंजळभर कच हातात घेऊन पाहिली आणि जाताना अंबूबाईला बाजूला घेऊन विचारले, साहेबांना औषधं चालू आहेत ना.

दगडांच्या बाबतीत माझी चूक झाली, ती मी कबूल करतो. ओवीने सांगितले होते की तीन दगड आणा. मी आणले. उंचीप्रमाणे एका रांगेत उभे केले. मग अठ्ठावीस वर्षांची सवय हातात जागी झाली आणि मी त्यांना खाली गेरू, वर चुना असे रंगवून टाकले. गावाने फार कौतुक केले. आमच्या गावात घरटी एक फौजी आहे. चार जणांनी आपापले तुळशीवृंदावन त्याच रंगात करून घेतले. मग ते ओवीला व्हिडिओवर दाखवले.

“आजोबा,” ती म्हणाली, “हे युनिटचं गेट झालंय. सॅल्यूट करावासा वाटतोय.”

आठ दिवस तारेच्या ब्रशने खरवडले. मग तिने सांगितले तसे दगड वाकडेतिकडे ठेवले. ते बघून पहिले पंधरा दिवस मला झोप लागत नव्हती. आता सवय झाली आहे. मधल्या दगडाच्या बुडाशी गेरूचा बोटभर पट्टा राहिला आहे, तो कोणी काढू नये.

कलम ५. बागेला झालेले उपद्रव

माझ्यामागे पुन्हा होऊ नयेत म्हणून नोंदवतो. अंबूबाईने पहिल्याच उन्हाळ्यात कचेवर साड्या अंथरून कुरडया घातल्या. मी ओरडलो तर म्हणाली, “आवं, येवडी सपाट जागा निसती बघायला व्हय?” तिच्याशी तडजोड अशी झाली की चैत्रातले आठ दिवस बाग तिची. तडजोड पुढेही पाळावी, कुरडया चांगल्या होतात.

आकारामच्या कोंबड्या कचेत अंग घासतात. आकारामची एक शेळी रोज सकाळी मधल्या दगडावर चढून उभी राहते. मी हाकलली की पलीकडून आकाराम तिलाच मोठ्याने म्हणतो, “ये ग बाई हिकडं. तितं शांतता चाललीय.”

तरीही मी रोज घडीच्या खुर्चीवर अर्धा तास बसलो. खाली मांडी घालून बसायचे असते, पण गुडघे ऐकत नाहीत. पहिले वर्ष मी तो अर्धा तास आकारामवर काय काय बोलायचे हे ठरवण्यात घालवला. दुसऱ्या वर्षी मुद्दे संपले. तिसऱ्या वर्षी दुपारचे चारचे ऊन त्याच्या भिंतीवरून कचेवर आणि तिथून अंबूबाईच्या खिडकीत कसे जाते, हे मी बघत बसू लागलो.

कलम ६. दवाखाना आणि तिफण

गेल्या श्रावणात माझ्या छातीत कळ आली. साताऱ्याच्या दवाखान्यात एकोणीस दिवस होतो. अंबूबाई माझ्याजवळ होती, म्हणजे घराला कुलूप. मी परत आलो तेव्हा वाटले होते की बागेत लेंड्या आणि कोंबड्यांची पिसे असतील.

बागेत रेघा होत्या. ताज्या, सकाळच्या.

माझ्या दाताळाला आठ दात आहेत. या रेघा तीन-तीनच्या होत्या, मध्ये सारखे अंतर, कुठे वाकलेल्या नाहीत, आणि दगडांपाशी येऊन डावीकडे वळलेल्या. तीन रेघा तिफणीच्या, पेरणीच्या त्या अवजाराला फण तीनच असतात. डावीकडे वळणारा आमच्या घरात एकच, आकाराम डावखुरा आहे. बैल असताना संपूर्ण शिवारात आमची पेरणी लांबून ओळखू यायची, ती या डाव्या वळणावरून. त्याने वडिलांची तिफण माळ्यावरून काढून कचेवरून फिरवली होती. तिफण एकट्याने चालत नाही, एक ओढणारा लागतो आणि एक धरणारा. म्हणजे रंगुबाईने, माझ्या भावजयीने, ओढली असणार. तिचे वय पासष्ट आहे.

दुसऱ्या दिवशी मी दाताळ घेऊन गेलो आणि फक्त पूर्वेकडची निम्मी बाग ओढली. पश्चिमेची तशीच ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी पश्चिमेकडे तीन-तीन रेघा होत्या. तेव्हापासून तसेच चालले आहे. आठ रेघा माझ्या, तीन त्याच्या. कुठे मिळतात ती जागा रोज थोडी सरकते, पण त्यावरून अजून भांडण झालेले नाही.

कलम ७. दाव्याविषयी

मागच्या तारखेला न्यायाधीशांनी दोघांना पुढे बोलावून विचारले, “तेरा वर्षं झाली. आता तडजोड करणार का?” आम्ही दोघे एकदम म्हणालो, “न्हाई.” तेरा वर्षांत आम्ही एकसुरात बोललेला हा पहिला शब्द.

याचे कारण कोर्टाला सांगता आले नाही, ते इथे सांगतो. माझा वीरधवल आणि आकारामचा साईराज यांच्यात कसलेही वैर नाही. दिवाळीत दोघांनी मिळून बेत केला आहे की आम्ही दोघे गेलो की पट्टीवर पत्र्याची शेड टाकायची आणि दोन चारचाकी उभ्या करायच्या. ज्या अकरा फुटांसाठी आम्ही नाती तोडली, ती पोरांनी पाच मिनिटांत दोन गाड्यांत वाटून टाकली. दावा मिटला की ‘जैसे थे’ उठेल. ‘जैसे थे’ उठला की शेड येईल. हे मला कळते आणि आकारामलाही कळते. म्हणून आम्ही दोघेही प्रत्येक तारखेला न चुकता एकाच एसटीने, वेगवेगळ्या बाकांवर बसून दहिवडीला जातो आणि भांडण जपून ठेवतो.

कलम ८. बागेची व्यवस्था

पट्टीतला माझा निम्मा हिस्सा मी माझी नात ओवी हिला देत आहे. वीरधवलने वाईट वाटून घेऊ नये, त्याने गाडी रस्त्यावर लावावी.

ओवीने दावा माझ्या जागी पुढे चालवावा. आकारामविरुद्ध नेटाने लढावे, त्याच्या घरी जेवावे, आणि तडजोडीला दोघांनीही एकसुरात नकार द्यावा. माझे दाताळ ओवीला. पश्चिमेकडच्या निम्म्या बागेत तिने दाताळ घालू नये. तिथे रेघा ओढण्याचे काम आकारामकडे राहील. हा आकारामला दिलेला हक्क नसून त्याच्यावर टाकलेला त्रास आहे, असे वकीलबाईंकडून मुद्दाम लिहून घेतले आहे. त्याचे कारण कलम १० मध्ये येईल.

कलम ९.

माझी रक्षा जपानी बागेत टाकण्याची कल्पना ओवीने मांडली होती. टाकू नये. कोंबड्या उकरतात.

कलम १०. आकाराम यास काहीही नाही

माझा सख्खा भाऊ आकाराम यास मी माझ्या मिळकतीतून एक काडीही देत नाही.

हे वाचून भावकीत जे म्हणतील की सुभेदार मरेपर्यंत बदलला नाही, त्यांनी पुढचे वाचावे. क्रांती वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले की मृत्युपत्रात ज्याला काही मिळते, त्याला साक्षीदार करू नये, उगाच शंका निघतात. म्हणजे मला दोनपैकी एकच करता येत होते: आकारामला काही द्यायचे, किंवा त्याची सही घ्यायची. दिलेले काय, ते माझ्यामागे त्याला घरबसल्या मिळाले असते. सही करायला मात्र त्याला माझ्या उंबऱ्याच्या आत यावे लागेल, आणि मी जिवंत असताना यावे लागेल. म्हणून मी त्याला काही देत नाही. मला माझा भाऊ घरात आलेला बघायचा आहे, एवढेच यामागे आहे.

वकीलबाई म्हणाल्या, “प्रतिवादीच साक्षीदार? माझ्या वकिलीत असं झालं नाही.” मी म्हणालो, “मग आता होईल.”

एक वस्तू मृत्युपत्राबाहेर ठेवली आहे. वाटणीच्या दिवशी मी ‘निम्मं निम्मं’ असा हट्ट धरला तेव्हा आकारामने तिफणीवरचे चाडे, म्हणजे बी टाकायचा लाकडी वाडगा, सोडून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, “घ्या मग निम्मं.” तेव्हापासून तिफण त्याच्याकडे आणि चाडे माझ्याकडे आहे. मी त्यात दाढीचे सामान ठेवतो. तो आला तर ते त्याच्या हातात देईन. जिवंतपणी दिलेली वस्तू मृत्युपत्रात धरत नाहीत, हे विचारून घेतले आहे.

बोलावणे कसे करावे हा प्रश्न होता. सोमवारी सकाळी मी दाताळाच्या दांड्याने बागेत मोठ्या अक्षरात लिहिले: ‘गुरुवार, अकरा वाजता, सही.’ मंगळवारी पाहिले तर अक्षरे पुसून त्यावर तिफण फिरवलेली. हे हो आहे की नाही, मला कळलेले नाही. अंबूबाई म्हणते, “आवं, त्यांनी रोजचं काम क्येलंय.” तसेही असेल. साक्षीदार क्रमांक एकची जागा मी रिकामी सोडली आहे. तो आला नाही तर वकीलबाईंचा कारकून सही करील आणि हे कलम ओवीने कोणाला वाचून दाखवू नये.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, मला मान्य आहे.

सही: लालासाहेब नाथाजी इंगवले
ठिकाण: खडकाळवाडी, माझ्या स्वयंपाकघरात, खिडकीजवळ
दिनांक: गुरुवार, २० फेब्रुवारी २०२५

साक्षीदार १: आकाराम नाथाजी इंगवले, वय ६८, धंदा शेती. सही डाव्या हाताची.

*(खाली साक्षीदाराच्या हस्ताक्षरात)* समदं वाचलं. तिफण मी वढली, रंगूनं फकस्त धरली, त्येवडं दुरुस्त करा. कलम तीनबी अर्धंच हाय. वडलांनी ठेवली ती पट्टी धा फुटाचीच हुती. सत्त्याऐंशी साली मी घर बांधलं तवा भित माझ्याच जागंत एक फूट आत घेतली. वैनी चुलीम्होरं बसायची, तिच्या खिडकीत उजेड पडत न्हवता. दादा तवा बॉर्डरवर हुता, इचारायचं कुणाला? टेप लावून चोर ठरवल्यावर मग सांगू वाटलं न्हाई. चाडं मिळालं. आत दाढीचा बुरूस ऱ्हायलाय.

साक्षीदार २: डॉ. शरच्चंद्र भागवत, दहिवडी. साक्षीदार क्रमांक एकचा वरील मजकूर मृत्युपत्रकर्त्याने माझ्यासमोर तीनदा वाचला. त्यानंतर रक्तदाब मोजला, बरोबर निघाला. खात्री करण्यासाठी यंत्र बदलून पुन्हा मोजला.

दुरुस्ती: कलम ३ मध्ये जिथे जिथे ‘अकरा फूट’ आहे, तिथे ‘दहा फूट वडिलांचे आणि एक फूट आकारामचा’ असे वाचावे. शीर्षक खोडायला शाई पुरली नाही, ते राहू द्यावे. दावा चालूच राहील. पुढची तारीख बारा मार्च, एसटीत दोघांची जागा एकाच बाकावर धरावी.

ला. ना. इंगवले